पाचवं शील आणि जिभेखालची गोळी

आमच्या घरातली मुलं बाराखडीच्या आधी घोषणा शिकली. आमचे वडील, अण्णा, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. हुंडा, बुवाबाजी, कंत्राटी कामगार आणि सगळ्यांत जास्त दारू. पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत, फ्रिजवर असत, शिवणयंत्राच्या पायडलवरही असत. उरलेली पत्रकं आई डब्यांच्या तळाशी अंथरायची, त्यामुळे आमचे पोहे संपत आले की खालून 'निर्धार' दिसू लागायचा. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. म्हणून मला आजही मनातून वाटतं की जगातली कुठलीही वाईट गोष्ट एका पानात, दोन्ही बाजूंनी छापून, संपवता आली पाहिजे. ती संपली नाही की माझी चिडचिड होते.

माझ्या मोठ्या भावाचं व्यसन त्या पानात मावलं नाही.

दादा कधी दारूला शिवला नाही. म्हणूनच आम्ही बेसावध राहिलो. आमच्या पत्रकांतला व्यसनी माणूस गटाराकडेला पडलेला असायचा, बायकोला मारायचा, मुलांची दप्तरं विकायचा. दादा वेळेवर कामाला जायचा. अंबडच्या एका कंपनीत खोकी उतरवताना त्याची पाठ धरली आणि डॉक्टरांनी दुखण्यासाठी ट्रामाडोलच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं कमी झालं, गोळ्या वाढल्या. डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली तरी मेडिकलवाला देत राहिला. पुढे गोळी पुरेना तेव्हा कोणीतरी त्याला इंजेक्शन दाखवलं. आम्हाला कळलं ते त्याच्या स्कूटरच्या डिकीत रिकामी पाकिटं सापडली तेव्हा. तोवर त्याची नोकरी गेलेली होती आणि तो रोज डबा घेऊन गोदाकाठी बसून परत येत होता.

अण्णांनी तेच केलं जे त्यांनी आयुष्यभर छापलं होतं. त्याला समोर बसवून शपथ घ्यायला लावली. शपथ टिकली नाही तेव्हा त्याला सिन्नरकडे एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या केंद्रात नेऊन ठेवलं. तिथे औषध नव्हतं. पहाटे उठवायचे, पळायला लावायचे, रांगेत उभं करून 'मी बदललो' असं ओरडायला लावायचे. अंगात कळा आल्या, जुलाब झाले, तर तुझ्या कर्माची फळं म्हणायचे. दादा वाळून, डोकं भादरून परत आला. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले.

त्यानंतर लवकरच, भर दुपारी, मी कॉलेजातून आले तर मोरीचं दार आतून बंद. हाका मारल्या, दार ढकललं, कडी तुटली. दादा भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे. श्वास एवढ्या अंतराने येत होता की प्रत्येक श्वास शेवटचा वाटावा. गल्लीतल्या रिक्षात घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, आई-अण्णा मागोमाग पोहोचले. तिथल्या डॉक्टरांनी कसलंसं इंजेक्शन दिलं आणि तो बुडता माणूस वर यावा तसा धापा टाकत उठून बसला.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्या आईला म्हणाल्या, "केंद्रातून आल्यावर यानं पूर्वीइतकाच डोस घेतला ना? मधल्या काळात शरीराची सहन करायची ताकद उतरते. जुना डोस मग जीव घेतो. मावशी, याला शिक्षा नका देऊ आता. औषध द्या."

"आणखी औषध?" अण्णा म्हणाले. "औषधानंच वाटोळं झालं ना."

पण आईने ऐकलं. तिचं माहेर सटाण्याकडचं. ती एरवी आमच्यासारखीच बोलते, राग आला की अहिराणीत जाते, आणि त्या दिवशी ती अण्णांना जे बोलली ते सगळं अहिराणीत होतं. मी ते इथे लिहिणार नाही.

त्याच दवाखान्यात मागच्या बाजूला, जुन्या इमारतीत, हे उपचार होतात. मला वाटलं होतं आत गेलो की लगेच सुरू. तर तिथल्या डॉक्टरांनी, हे वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे, पहिल्यांदा विचारलं, "शेवटचं कधी घेतलं? खरं सांग. मी पोलीस नाही." दादाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग आज नाही. उद्या सकाळी काही न घेता ये. जांभया येऊ देत, नाक वाहू दे, अंगावर काटा येऊ दे. मग देतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. दादाचे पाय आपोआप झटकत होते. घाम येत होता आणि तो स्वेटरही मागत होता. मी दोनदा उठून आत गेले. "डॉक्टर, तो किती तडफडतोय बघताय ना? द्या की!"

"बाळ, बस," ते म्हणाले. "शरीरात जुनं औषध शिल्लक असताना ही गोळी दिली तर ती त्याला ढकलून बाहेर काढते. मग आत्ता होतंय त्याच्या दुप्पट त्रास एकदम होतो. असा त्रास झालेला माणूस परत इकडे फिरकत नाही. म्हणून थांबायचं."

थांबणं मला जमत नाही. मी त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. भिंतीवर लावलेली सरकारी पोस्टर्स वाचली आणि मनातल्या मनात त्यांची भाषा दुरुस्त केली. शेवटी दादाला आत बोलावलं. गोळी एवढीशी. ती जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, चघळायची नाही, वर पाणी प्यायचं नाही आणि विरघळेपर्यंत बोलायचंही नाही. नंतर तोंड चूळ भरून धुवायचं, नाहीतर दात खराब होतात. गिळली तर पोटातून फारशी लागू पडत नाही, वाया जाते.

आम्ही बसलो. थोडा वेळ काही नाही. मग त्याचे पाय थांबले. खांदे खाली आले. आणखी थोड्या वेळाने तो म्हणाला, "ए, भूक लागलीय गं."

मला वाटलं तो गुंगीत हसेल, तरंगेल. तसलं काही नाही. कित्येक महिन्यांनी तो फक्त नेहमीसारखा दिसत होता. डॉक्टरांनी दुपारी पुन्हा बघून आणखी थोडं औषध दिलं. पुढचे काही दिवस रोज बघून बघून डोस ठरवला. ते म्हणाले, याचं नाव बुप्रेनॉर्फिन. ही गोळी शरीराची ओढ भागवते, त्रास थांबवते, आणि योग्य डोस बसला की माणूस चढल्यासारखा होत नाही. सुरुवातीला डोकं दुखेल, झोप येईल, गाडी चालवू नको. घाम येईल. बद्धकोष्ठ होईल, भाजी-पाणी वाढव. दारू आणि झोपेच्या गोळ्या याच्यावर अजिबात नाही, श्वास बंद पडू शकतो. अधूनमधून लघवी तपासू. त्यात काही सापडलं तर हाकलणार नाही, बसून बोलू. समुपदेशकाकडे जायचं, कारण गोळी पाठीचं आणि मनाचं सगळं बरं करत नाही.

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं. ते दारातच उभे होते.

"ठरलेलं नाही. बऱ्याच जणांना महिने, बऱ्याच जणांना वर्षं. घाईनं बंद केली की बहुतेकांचं जुनं परत सुरू होतं."

अण्णांनी चपला पायात सरकवल्या. पण मला त्यांचं तोंड वाचता येतं. मुदत नसलेल्या लढ्यावर त्यांचा विश्वास नाही.

मग ते सुरू झालं. खरं सांगायचं तर फार कंटाळवाणं होतं. रोज सकाळी रांग. रांगेत रिक्षावाले, एक निवृत्त शिक्षक, भाजी मार्केटमधला हमाल, इंजिनिअरिंग सोडलेला एक मुलगा. सगळे एकमेकांना ओळखायला लागलेले. खिडकीपाशी गोळी जिभेखाली ठेवायची आणि समोरच्या बाकावर बसायचं. तो बाक म्हणजे तोंडं मिटून बसलेल्या माणसांची ओळ. मी सोबत जायचे तेव्हा तो हमाल गोळी विरघळली की चूळ भरून पहिलं वाक्य माझ्याकडे बघून टाकायचा, "बहीण आली म्हणजे आज भाषण हाय."

"तुमच्या तोंडात गोळी असते तेव्हाच करते," मी म्हणायचे. "उलट बोलता येत नाही."

"बाई, आमचं बद्धकोष्ठाचं पण एक पत्रक काढा. तेवढंच राह्यलंय."

बद्धकोष्ठ हा आमच्या घरातला मोठा विषय झाला होता. आई रात्रीच्या जेवणानंतर दादासमोर इसबगोलाचा पेला आपटायची. दादा सातपूरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागला. बसून काम, पाठीला ओझं नाही, तांब्याची तार गुंडाळत राहायची. पैसे आईकडे द्यायला लागला. संध्याकाळी भाजी आणायचा.  मला निकाल हवा होता, विजयाची सभा हवी होती. आणि हा माणूस रोज तार गुंडाळत होता, गोळी घेत होता, आणि कोथिंबीर निवडत होता.

आता पाचव्या शिलाबद्दल.

आमच्या वसाहतीत बुद्धविहार आहे. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. सुरुवातीला सगळे उभे राहून त्रिसरण-पंचशील म्हणतात. पुढचा एक जण म्हणतो, मागचे त्याच्या पाठोपाठ म्हणतात. पाच शिलं, पाच वचनं. पाचवं मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलंय की तोंड आपोआप चालतं. म्हणूनच शेजारचं तोंड थांबलं तर ऐकू येतं. दादा चार शिलं म्हणायचा. पाचव्याला गप्प.

मी घरी येताना त्याला धरलं. "पाचवं का म्हणत नाहीस?"

"तुला काय करायचंय?"

"दादा!"

"अगं, रोज सकाळी जिभेखाली अफूच्याच भावकीतली गोळी ठेवतो. संध्याकाळी विहारात उभा राहून म्हणू की मी मादक काही घेत नाही? चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पाचवं म्हटलं की चौथं मोडतं."

"ते औषध आहे!"

"तुला माहीत आहे औषध आहे. मला पण डोक्यात माहीत आहे. तोंडातून निघत नाही, त्याला मी काय करू?"

अण्णांच्या कानावर हे गेलं, आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. त्यांना दादाचा अभिमान वाटला. "बघ, पोरगं प्रामाणिक हाय," ते आईला म्हणाले. "त्याला आतून कळतं. नशा ती नशा. दुकानातली काय आन सरकारी काय." अण्णांची भाषा विंचूरकडची, आणि भावना झाल्या की जास्तच विंचूरकडची होते.

ते दादाशी बसून बोलले. वर्षावासाच्या समारोपाला विहारात मोठा कार्यक्रम असतो. भन्ते येणार होते, भोजनदान होणार होतं, आणि यंदा समितीने व्यसनमुक्तीचा विषय धरला होता. समितीत अण्णा होतेच. त्यांच्या मनात होतं की दादाने व्यासपीठावर उभं राहावं, सगळ्या वसाहतीसमोर पंचशील म्हणावं. पाचही.

"तोवर सुटंल ना गोळी?" त्यांनी विचारलं.

दादाने खाली बघितलं. "सुटेल."

पत्रक मी लिहायचं ठरलं. आमच्याकडे दुसरं कोण लिहिणार. मी लिहिलं, आणि मधे एक परिच्छेद घातला की व्यसन हा आजार आहे, त्याला सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, ते दीर्घकाळ घ्यावं लागू शकतं आणि घेणारा माणूस व्यसनी नव्हे. अण्णांनी तो परिच्छेद पेन्सिलने आडवा केला. आम्ही तासभर भांडलो.

"पत्रकानं माणसाला उभं करायचं असतं," ते म्हणाले. "'दीर्घकाळ घ्यावं लागू शकतं' वाचून कोण उभं राह्यल?"

"पण ते खरं आहे!"

"मग त्याचा लेख लिही. पत्रक नको."

मला राग आला, कारण त्यांचं अर्धं बरोबर होतं. ते वाक्य घोषणेत बसतच नव्हतं. मी रात्रीपर्यंत त्याला छोटं करून बघितलं. बसलं नाही. पत्रक माझ्या परिच्छेदाशिवाय छापलं गेलं. मी ते वाटायला गेले नाही, आणि हे अण्णांनी दोन दिवस बोलून दाखवलं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात मला दादा जांभया देताना दिसला. जेवताना, आंघोळ करून आल्यावर, चहा पिताना, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नाक वाहत होतं. मी त्याच्या दंडाला हात लावला, तर अंगावर कोंबडीच्या कातडीसारखा काटा. तो व्हरांड्यातला बाक मला आठवला.

"गोळी घेतलीस आज?"

"घेतली."

"जीभ दाखव."

"डॉक्टर झालीस काय?"

"दादा, मी आत्ता आईला हाक मारीन."

त्याने मला गच्चीवर यायची खूण केली. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे तो उकिडवा बसला. त्याला बसवत नव्हतं, पुन्हा उभा राहिला.

"सोडली," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पण कामाला गेलो. मला वाटलं सुटली, उगाच घाबरत होतो. काल संध्याकाळपासून हे." तो पोट धरून वाकला. "आता थोडेच दिवस. कार्यक्रम झाला की बघू."

"तोपर्यंत काढशील असा?"

त्याने चादरीची कड मुठीत धरली. खाली कोणीतरी कुकर लावला होता, शिट्टी झाली.

"आज दोनदा त्या मेडिकलपर्यंत जाऊन आलो," तो म्हणाला. "आत नाही गेलो. दोन्ही वेळा नाही गेलो. तिसऱ्यांदाचं सांगता येत नाही."

आता कार्यक्रम, शील, पत्रक, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मोरीतले ते निळे ओठ तेवढे राहिले. मला समोर एवढंच दिसत होतं की हा तिसऱ्यांदा जाईल, जुना डोस मागेल, आणि जुना डोस पेलायची ताकद त्याच्या अंगात आता नाही.

मी ओरडले असणार, कारण आई वर आली, पाठोपाठ अण्णा. आईने दादाकडे एकदाच बघितलं. "तुले काय व्हयनं रे?" म्हणाली आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

"गोळी सोडलीय यानं," मी म्हणाले. "तुमच्या स्टेजसाठी."

"मी सोडायला नाय सांगितली," अण्णा म्हणाले. "मी इचारलं सुटंल का."

"तुम्ही विचारता म्हणजे काय असतं हे या घरात कोणाला माहीत नाही?"

"तू गप. निश्चय केलाय पोरानं. त्रास व्हनारच. चार दिवस काढले की..."

"अहो!" आई म्हणाली. तिने हा शब्द इतक्या मोठ्याने म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता. "मागच्या वेळी तुमच्या निश्चयानं तो मोरीत पडला होता. मला स्टेजवरचा पोरगा नको. मला तो ताटावर बसलेला पाहिजे." मग दादाला, "चाल. ऊठ. चप्पल घाल."

आम्ही रिक्षाने गेलो. अण्णा मागून त्यांच्या सायकलवर आले.

मला भीती होती की डॉक्टर रागावतील, पहिल्यापासून सुरू करा म्हणतील. ते म्हणाले, "मधे दुसरं काही घेतलंस? खरं सांग."

"नाही."

"शाब्बास. त्रास चालू झालाच आहे, म्हणजे थांबायची गरज नाही. थोड्या डोसने परत सुरू करू आणि बघत बघत वाढवू." आणि मग चष्मा कपाळावर सारून, "का सोडलीस?"

दादाने अण्णांकडे बघितलं. अण्णा पुढे आले. माझे वडील व्यवस्थापनाशी वाटाघाटी करायला जायचे तेव्हा जसे उभे राहायचे तसे उभे राहिले.

"डॉक्टर, मी शिकलेला माणूस नाय. पण मला एक सांगा. तुमची गोळी सोडली की पोरगं तडफडतं. मग ती नशा नाय तर काय?"

"शरीराला तिची सवय आहे, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "ते मी नाकारत नाही. पण तो तिच्यासाठी खोटं बोलतो? घरातलं विकतो? डोस वाढवत सुटलाय? नोकरी सोडून बसलाय?"

"नाय. उलट कामाला लागलाय."

"मग व्यसन म्हणतात ते दुसरं. गोळी पुढेमागे सुटू शकते. तो स्वतः म्हणाला, सगळं स्थिर असलं, की अगदी थोडी थोडी कमी करत नेतो आपण. महिनोन्महिने. कमी करताना जमत नसेल तर थांबतो, पुन्हा वाढवतो. काही जण कायम घेतात, तेही चालतं. पण तारीख पत्रकावर छापून नाही ठरत."

त्यांना पत्रकाचं माहीत नव्हतं. ते सहज बोलले. पण अण्णांचा चेहरा लाल झाला.

दादा बाकावर बसला. गोळी विरघळली. हळूहळू त्याच्या अंगावरचा काटा गेला.

समारोपाच्या दिवशी भन्ते आले. बाराच्या आत त्यांचं जेवण व्हावं लागतं, म्हणून विहाराच्या मागच्या खोलीत घाईने पानं वाढली. वाढायला मी होते. अण्णा समोर हात जोडून बसले.

"भन्तेजी, एक शंका हाय. नशा सोडायला दवाखान्यातून गोळी घेतली, तर पाचवं शील मोडतं का?"

भन्ते घास घेता घेता थांबले. "ती गोळी घेऊन तो झिंगतो?"

"नाय."

"भान सुटतं?"

"नाय. पण सोडली की हाल व्हतात."

"मी बीपीची गोळी विसरलो की मला चक्कर येते," भन्ते म्हणाले. "औषधाचं डॉक्टरांना विचारा. ताई, थोडं वरण."

अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "टाळलं त्यांनी."

"मला नाही तसं वाटत."

"भूक लागली व्हती त्यांना," अण्णा म्हणाले आणि मंडपाकडे निघून गेले.

कार्यक्रमात सूत्रसंचालकाने पत्रक हातात घेऊन जाहीर केलं की आता आपल्याच वसाहतीतला एक संपूर्ण नशामुक्त तरुण आपल्यासमोर येईल. दादा मागे चपलांच्या जवळ बसला होता. तो उठला नाही. माना वळल्या. समितीचे अध्यक्ष अण्णांकडे बघायला लागले. मग अण्णा उठले आणि माईक हातात घेतला. हजारो सभांत बोललेला माणूस, पण आधी घसा खाकरला.

"माझा मुलगा वर येनार नाय. तो दवाखान्यात औषध घेतो. ते चालू हाय. मला ते सगळं पटलंय असं नाय. पण तो जिवंत हाय आन कामाला जातो. एवढंच."

कोणीतरी एक टाळी वाजवली आणि एकटाच पडला म्हणून थांबला. अध्यक्षांनी घाईने लहान मुलींचं गीत पुकारलं.

माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, झालं, जिंकलो. मागे वळून बघितलं तर दादा नव्हता. तो घरी सापडला, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून.

"त्यांना कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "चारशे घरं आहेत वसाहतीत. माझा शेठ पुढच्या गल्लीत राहतो. माझ्या गोळीचं पत्रक काढलं त्यांनी."

"पण त्यांनी किती..."

"हो, मोठं काम केलं. तू पण टाळ्या वाजव." मग माझ्याकडे वळून, "दवाखान्यात भिंतीवर लिहिलंय की तुमची माहिती गुप्त राहील. घरात कुठे लिहायचं ते?"

  शेठने दुसऱ्या दिवशी त्याला विचारलंच की गोळी घेऊन हात थरथरत नाहीत ना. दादाने त्याला आदल्या दिवशी गुंडाळलेली मोटार दाखवली. शेठने ती उलटसुलट करून बघितली आणि ठेवली. विषय तिथे संपला, पण दादा आठवडाभर अण्णांशी बोलला नाही.

पुढे त्याचा डोस पुन्हा बसला. दुकानातली वेळ आणि दवाखान्याची रांग एकत्र जमेना, रोज उशीर व्हायचा. त्याने डॉक्टरांना विचारलं की आठवड्याच्या गोळ्या एकदम घरी मिळतील का. डॉक्टर म्हणाले, मिळतात, पण तू मधे स्वतःच बंद केली होतीस. म्हणून सध्या घरातल्या एका जबाबदार माणसाच्या हातात देईन. त्यानं कुलपात ठेवायच्या, रोज एकच डोस द्यायचा, समोर विरघळू द्यायचा. लहान मुलांच्या हाती लागल्या तर जिवावर बेततं, ते लक्षात ठेवायचं. कोण ठेवेल?

मी आणि आई दोघी पुढे झालो.

"अण्णांकडे द्या," दादा म्हणाला.

अण्णा बाहेर सायकलला कुलूप लावत होते. त्यांना आत बोलावून सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. "माझ्याकडं? मला तर ती..."

"म्हणूनच," दादा डॉक्टरांना म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो अण्णांच्या समोर त्यांच्याबद्दल बोलत होता. "आईकडे दिल्या तर मी तोंड वाकडं केलं की ती एक जास्त देईल. हिच्याकडे दिल्या तर प्रत्येक गोळीमागे एक व्याख्यान. यांना ती गोळी आवडतच नाही. हे मेले तरी एक जास्तीची देणार नाहीत. आणि दिलेला शब्द आहे म्हणून एक कमीही देणार नाहीत."

डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पाकीट घेतलं, त्यातल्या गोळ्या प्रकाशात धरून बघितल्या, खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावलं.

आता रोज सकाळी सातच्या बातम्यांच्या सुमाराला ते कपाट उघडतात. मी आतल्या खोलीत लिहीत असते, मला सगळं ऐकू येतं.

"अजून किती दिवस हे?" अण्णा विचारतात.

"माहीत नाही."

"कमी करायचं काय म्हनला डॉक्टर?"

"सध्या नाही. पुढच्या दिवाळीनंतर बघू म्हणाले. कदाचित."

"कदाचित," अण्णा म्हणतात. "आ कर. जीभ वर. ठेवली? आता बोलू नको."

आणि मग ते स्वतःच बोलत राहतात.